ताईचे शुभेच्छापत्र

गुरुजी म्हणाले, भित्तिपत्रकासाठी "माझे मत" लिहा. बाकीच्यांनी झाडे आणि स्वच्छता यांवर लिहिले आहे. मी एका शुभेच्छापत्राविषयी लिहितो.

माझी ताई सातवीत आहे. तिला जन्मापासून दिसत नाही. तालुक्याहून एका संस्थेच्या बाई तिला ब्रेल शिकवायला आमच्या घरी येतात. डिसेंबरअखेर त्या संस्थेचे टपाल आले. ताईच्या नावाने पहिल्यांदाच पत्र आले, म्हणून पोस्टमनकाकांनी रस्त्यावरूनच हाक मारली. आत चकचकीत कार्ड होते. ताईने त्यावर हात फिरवला. उलटे करून पण फिरवला. मग म्हणाली, "गुळगुळीत आहे रे. तूच वाच."

वर उगवत्या सूर्याचे चित्र, खाली "नूतन वर्षाच्या हार्दिक शुभेच्छा", आणि बारीक अक्षरात, सुट्टीमुळे कार्यालय बंद राहील. पत्र ताईचे, पण वाचले मी, मग आईने, मग शेजारच्या काकूंनी. आई म्हणते, आठवण ठेवली हेच खूप, नावे ठेवू नयेत. बाई चांगल्याच आहेत, पावसातसुद्धा येतात. तरी माझे मत असे आहे की, पत्र ज्याला धाडले त्याला ते वाचता आले पाहिजे.

आणि हे काही अवघड नाही. ब्रेलचे अक्षर सहा ठिपक्यांत बसते. फ्रान्सच्या लुई ब्रेल यांनी ही लिपी काढली. त्यांचा जन्म ४ जानेवारी १८०९ चा. त्यांचे वडील खोगीर बनवत. लहानपणी वडिलांची आरी डोळ्याला लागली आणि पुढे दोन्ही डोळे गेले. मराठीसुद्धा याच ठिपक्यांत लिहितात. "क" ला तर दोनच ठिपके. ताईच्या पाटीत जाड कागद अडकवायचा आणि टोचायचे. फक्त उजवीकडून डावीकडे, कारण ठिपके कागदाच्या मागे उठतात. मी पहिल्यांदा उलटे टोचले तर ताई लई हसली.

आपले भित्तिपत्रक पण गुळगुळीतच आहे. ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला पालक येतील, तेव्हा ताई पण येणार आहे. म्हणून या लेखाखाली मी एक जाड कागद लावला आहे. त्यावर "नवे वर्ष" एवढेच टोचले आहे, सगळा लेख टोचायला दिवस पुरले नाहीत. कोणाला बघायचे असेल तर डोळे मिटून बोट फिरवा. जोरात दाबू नका, ठिपके बसतात.

– एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी