दारू सुटल्यावरची झोप

दारू बंद केल्यावर पाच-सात दिवसांत हातांची थरथर थांबते, घाम ओसरतो, जेवण जाऊ लागते. डिस्चार्ज कार्डावर थायमिन, नालट्रेक्सोन किंवा अकॅम्प्रोसेट लिहून आपण रुग्णाला घरी पाठवतो. विथड्रॉवल संपला असे आपण म्हणतो, पण मेंदूतले बरेचसे काम तेव्हा व्हायचेच असते.

वर्षानुवर्षे रोज दारू पोचली की गाबा-ए रिसेप्टरांचा प्रतिसाद मंदावतो आणि ग्लुटामेटचे एनएमडीए रिसेप्टर वाढतात. दारू एकाएकी थांबली की या वाढीव उत्तेजनाला आवर घालणारे काही उरत नाही. पहिल्या दोन दिवसांतले झटके आणि नंतरचा डिलिरियम ट्रेमेन्स त्यातूनच येतात. २०२० च्या टाळेबंदीत दारूची दुकाने बंद झाली तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी हे कॅज्युअल्टीत पाहिले आहे.

ईईजीतले बदल इतक्या लवकर मिटत नाहीत. दारूवर अवलंबून असलेल्यांत बीटा लहरींचा जोर वाढलेला आढळतो आणि दारू सोडून काळ लोटला तरी तो टिकतो. काही बदल तर पहिल्या घोटाच्याही आधीचे असतात. ब्रुकलिनमधल्या हेन्री बेगलायटर, बर्निस पोरजेझ आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली ‘सायन्स’मध्ये दाखवले, की मद्यासक्त वडिलांच्या, स्वतः कधी दारू न प्यायलेल्या ७ ते १३ वर्षांच्या मुलांतही पी-३०० ही लाट कमी उंचीची असते. माझ्या मते ‘मनावर घेतलं तर सुटते’ हे वाक्य आपल्या तोंडून कायमचे जावे, यासाठी एवढा एक अभ्यास पुरेसा आहे.

मात्र यावरून कोणी ईईजीने व्यसनाचे निदान करू पाहत असेल, तर त्याला ठामपणे नाही म्हणा. पी-३०० ची उंची एडीएचडीत आणि स्किझोफ्रेनियातही घटते. मेंदूचे रंगीत नकाशे दाखवून आधीच कर्जात बुडालेल्या कुटुंबाकडून पैसे घेणे हा अन्याय आहे. मुलाला धोका आहे का, हे कळायला घरातल्या व्यसनाचा इतिहास नीट विचारला तरी पुष्कळ.

आपल्या हातात जे आहे ते झोपेचे. मंद डेल्टा लहरींची गाढ झोप दारूने घटते आणि ती भरून यायला कित्येक महिने, काहींना वर्षाहून अधिक काळ लागतो. फेरतपासणीला आलेली बायको सांगते, “डॉक्टर, पीत नाहीत आता, पण रात्रभर येरझाऱ्या घालतात. दोन वाजता चहा करायला लावतात.” आपण ‘होईल हळूहळू’ म्हणून पुढचा पेपर ओढतो. त्या येरझाऱ्या घालणाऱ्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: क्वार्टर घेतली की डोळा लागतो. सुरुवातीच्या महिन्यांतली बिघडलेली झोप पुन्हा पिणे सुरू होण्याचा धोका वाढवते, हे अभ्यासांतून वारंवार दिसले आहे.

म्हणून प्रत्येक भेटीत विचारा: किती वाजता पडता, डोळा कधी लागतो, मध्ये किती वेळा जाग येते, दिवसा झोपता का. घोरणे विचारायला विसरू नका; स्लीप ॲप्नियाही या रुग्णांत सापडतो. निद्रानाशासाठीची सीबीटी समुपदेशकांना शिकता येते आणि तिचा उपयोग होतो. बेंझोडायझेपिन विथड्रॉवलपुरतेच ठेवा, घरी नेण्याच्या चिठ्ठीत नको. आणि पहिल्याच दिवशी रुग्णाला, त्याच्या बायकोला सांगून ठेवा, की झोप बसायला महिने लागतील, ती उशिरा आली म्हणजे उपचार फसले असे नाही.