बोटाएवढा हवालदार

धानोऱ्यात माझ्या टेबलावर परग्रहावरचा एक सैनिक उभा आहे, उंची जेमतेम 28 मिलिमीटर. त्याला मी पोलीस करतोय. किरणबंदूक ब्लेडने कापली, तिथे टाचणीची काठी बसवली, एम-सील मळून डोक्यावर टोपी घडवली. आधी राखाडी अस्तर, मग खाकी, आणि ती वाळल्यावर पाण्यासारखा पातळ तपकिरी हात. तो घड्यांत उतरला की गणवेशाला अंग येतं, आणि हा क्षण मला सगळ्यांत प्रिय आहे. विज्ञानकथेतला पोलीस म्हटलं की 1977 साली ब्रिटिश चित्रकथेत अवतरलेला जज ड्रेड आठवतो: स्वतःच पोलीस, स्वतःच न्यायाधीश, चेहरा कायम शिरस्त्राणाखाली. तो नमुना मला नको. 9 सप्टेंबर 1942 रोजी आमच्या नंदुरबारात पोलिसांच्या गोळ्यांनी शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती गेले. म्हणून माझ्या हवालदाराची काठी जमिनीला टेकलेली आहे आणि चेहरा उघडा. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडणाऱ्या मुलांनो, एखादा जुना प्लास्टिकचा सैनिक असा बदलून पाहा. रंगवताना सुरुवात मात्र चेहऱ्यापासून करा.