खुल्या आराखड्यांचे बळ

इटलीतील जिनोव्हा येथे घडलेला ‘आयकब’ हा यंत्रमानव जेमतेम एक मीटर उंच, चारेक वर्षांच्या मुलाएवढा. डोळे, मान, हाताची बोटे हलवायला त्याच्या अंगात ५३ मोटारी आहेत. युरोपीय आयोगाच्या निधीतून २००४ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात अनेक देशांचे संशोधक एकत्र आले आणि त्यांनी आराखडे व सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुले ठेवले. म्हणूनच एका प्रयोगशाळेत वस्तू पकडायला शिकवणारी आज्ञावली दुसऱ्या देशातील आयकबवर तपासता येते. प्रत्येकाला श्रीगणेशापासून सुरुवात करावी लागत नाही. सुटे भाग आणि चिपवरून देशादेशांत चढाओढ लागलेली असताना हा धडा मोलाचा आहे. जनतेच्या पैशातून होणाऱ्या यंत्रमानव संशोधनाचे आराखडे खुले ठेवण्याची अट भारतानेही घालावी. सहकार्याची पहिली पायरी तीच.