आमचे मत कोठवर जाते?

ब्राझीलसारख्या देशांत लोक आपला अध्यक्ष स्वतः मत देऊन निवडतात. मग मादन हिप्परग्याच्या शेतकऱ्याला आपला राष्ट्रपती निवडता का येऊ नये, असा प्रश्न पुष्कळांच्या मनात येतो. प्रश्न रास्त आहे.

ब्राझीलमध्ये राज्यकारभाराचा धनी अध्यक्षच असतो. पहिल्या फेरीत कोणालाच निम्म्याहून अधिक मते पडली नाहीत, तर पहिल्या दोघांमध्ये पुन्हा मतदान होते. 2022 साली तसेच घडले व लूला यांना शंभरांतील जेमतेम 51 मते मिळून ते विजयी झाले. परंतु तेथे पक्ष अनेक. विधिमंडळात अध्यक्षाच्या पक्षाला बहुमत नसते, म्हणून प्रत्येक कायद्यासाठी इतरांची मनधरणी करावी लागते. तरीही विधिमंडळाची मर्जी फिरली एवढ्याने अध्यक्षाची गादी जात नाही. चार वर्षांची मुदत त्याची असते. महाभियोग सिद्ध झाला तरच तो पायउतार होतो.

आपल्या घटनेने निराळी वाट धरली. राष्ट्रपती हे राष्ट्राचे प्रमुख. पण कारभार पाहणारे मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार असते. 17 एप्रिल 1999 रोजी वाजपेयींचे सरकार 269 विरुद्ध 270, अशा अवघ्या एका मताने पडले, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल.

राष्ट्रपतींची निवड लोकांनी निवडलेले खासदार व आमदार करतात. 1971 च्या लोकसंख्येवरून प्रत्येक राज्यातील आमदाराच्या मताचे मूल्य ठरविले आहे. 2022 साली श्रीमती द्रौपदी मुर्मू निवडून आल्या, तेव्हा कर्नाटकाच्या एका आमदाराच्या मताचे मूल्य 131 होते. मादन हिप्परगा आळंद विधानसभा मतदारसंघात मोडते, आणि आळंद बिदर लोकसभा मतदारसंघात. म्हणजे आमचे मत आमदाराच्या व खासदाराच्या हातून राष्ट्रपतिभवनापर्यंत पोहोचतेच.

मात्र या लांबच्या वाटेचे पहिले पाऊल म्हणजे मतदारयादीतील आपले नाव. 2023 च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी याच आळंदमध्ये नावे वगळण्यासाठी 6,018 अर्ज आले. अधिकाऱ्यांनी तपास केला तेव्हा त्यांतील केवळ 24 खरे ठरले; उरलेले 5,994 फेटाळण्यात आले आणि पोलिसांत फिर्याद नोंदविली गेली. तपास झाला नसता, तर कित्येक घरांतील माणसे मतदानाच्या दिवशी केंद्रावरून रिकाम्या हाताने परतली असती!

मतदानाचा हक्क सर्वांच्या हितासाठी बजावणे हे कर्तव्य आहे, अशी आठवण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली श्रद्धावंतांना दिली. कोणत्या पक्षाला मत द्यावे हे सांगणे आमचे काम नव्हे. ते ज्याच्या त्याच्या सद्सद्विवेकाचे. परंतु शेताचा उतारा जसा आपण जपून पाहतो, तशी यादीही पाहावी. ती कन्नड लिपीत असेल, तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्यावी. घरातील वृद्ध, नुकतीच अठरा वर्षांची झालेली मुले, लग्न होऊन आलेली सून, पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईकडे गेलेला भाऊ, या सर्वांची नावे ताडून पाहावीत. एखादे नाव नसल्यास निवडणुकीची वाट न पाहता लगेच अर्ज करावा.

येत्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर शेजाऱ्याला एवढेच विचारावे: "तुमचे नाव पाहिलेत काय?"