त्या बुडालेल्या नद्या नव्हेत



बंगालच्या उपसागराच्या तळावरील वाहिन्या म्हणजे हिमयुगात वाहणाऱ्या आणि नंतर बुडालेल्या नद्या, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे मुळातच टिकत नाही. हिमयुगात समुद्राची पातळी सुमारे १२० मीटरने उतरली होती; या वाहिन्या मात्र हजारो मीटर खोलीवर आहेत.

त्या घडवल्या गाळाच्या लोंढ्यांनी. गंगा-ब्रह्मपुत्रेचा गाळ मुखासमोरच्या ‘स्वॅच ऑफ नो ग्राउंड’ या घळीत साचतो. तो ढासळला की गढूळ पाणी जड होऊन उतारावरून धावत सुटते. जाडी वाळू वाहिनीच्या तळाशी बसते. बारीक चिखल लोंढ्याच्या वरच्या थरात असतो. तो काठावरून सांडतो आणि दोन्ही बाजूंना बांध चढत जातात. तळही भरत जातो. मग एखाद्या ठिकाणी बांध फुटतो, लोंढा शेजारच्या सखल भागात नवी वाट काढतो आणि जुनी वाहिनी गाळाने बुजते. अशा फेरबदलांतूनच सुमारे ३,००० किलोमीटर लांबीचा गाळाचा पंखा पसरला आहे.

खोल तळ ‘निश्चल’ असतो, हेही खरे नाही. १८ नोव्हेंबर १९२९ रोजी न्यूफाउंडलंडजवळ भूकंप झाला. त्यानंतर उतारावरच्या तारायंत्राच्या केबल एकामागून एक तुटत गेल्या. शेवटची तुटली तेरा तासांहून अधिक काळाने. हा गाळाच्या लोंढ्याचा प्रताप असल्याचे समुद्रतळाचे अभ्यासक हीझेन आणि युइंग यांनी १९५२ मध्ये मांडले.

यापुढे असा मजकूर छापताना सोबत खोलीचे आकडे असलेला नकाशा द्यावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी