रात्री जागविणारी पाठदुखी

वयात येणाऱ्या मुलाने पाठ दुखते अशी तक्रार केली की घरोघरी तिची वासलात ठरलेली असते. दप्तर जड झाले असेल, फुटबॉल खेळताना उसण भरली असेल, नाहीतर अभ्यासाची टाळाटाळ असेल! तेल चोळले जाते, गोळी दिली जाते आणि विषय संपतो. बहुसंख्य मुलांच्या बाबतीत हा अंदाज खराही ठरतो. परंतु ज्या थोड्यांच्या बाबतीत तो चुकतो, त्यांच्या कण्यात गाठ वाढत असते आणि वाया गेलेले महिने परत मिळत नाहीत. त्या थोड्यांसाठीच हा विषय आम्ही आज वाचकांपुढे मांडीत आहोत.

कण्यातील प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. न्यूयॉर्कचे डॉ. हेन्री जाफे यांनी १९३५ साली स्वतंत्रपणे वर्णिलेली ‘ऑस्टिऑइड ऑस्टिओमा’ ही गाठ दोन सेंटिमीटरहूनही लहान असते. तिचे दुखणे रात्री बळावते, वेदनाशामक गोळीने उतरते आणि पाठ हळूहळू एका बाजूस वाकते. गोळीने आराम पडला म्हणून घरचे निश्चिंत होतात. वस्तुतः तो आराम हीच रोगाची खूण असू शकते. साध्या क्ष-किरण चित्रात ती दिसेलच असे नाही, सीटी स्कॅनमध्ये मात्र बहुधा सापडते. शस्त्रक्रियेने ती काढता येते. जागा सोयीची असल्यास सुईवाटे उष्णता देऊन जाळताही येते.

१९२१ साली डॉ. जेम्स युइंग यांनी वर्णिलेला हाडाचा कर्करोग मात्र घातक होय. केवळ शस्त्रक्रिया वा किरणोपचार यांवर भिस्त होती त्या काळी दहांतील एखादाच रुग्ण वाचे. आज औषधोपचारांची जोड मिळाल्याने, रोग अन्यत्र पसरण्यापूर्वी सापडल्यास, दहांतील सुमारे सातजण पाच वर्षांनंतरही हयात असतात. मज्जारज्जूवर दाब आल्यास तर दिवसांचा नव्हे, तासांचा हिशेब असतो. पाय पुरते लुळे पडण्यापूर्वी दाब दूर झाला, तरच मूल पुन्हा चालू लागण्याची आशा अधिक.

म्हणून पालकांनी काही लक्षणे ध्यानी ठेवावीत. झोपेतून उठविणारे दुखणे, वेदनेसह वाकत चाललेली पाठ, पायांतील अशक्तपणा, लघवीवरील ताबा सुटणे, ताप वा वजन घटणे, यांपैकी काहीही दिसले तर मालिश थांबवावे आणि डॉक्टर गाठावा. देवाचा कौल घेण्यास आमचा विरोध नाही. परंतु कौलासाठी तपासणी खोळंबू नये.

डॉक्टरांनीही ‘रात्री दुखते काय?’ हा प्रश्न विसरू नये. गाठीचा संशय आल्यास तुकडा काढून तपासण्याची घाई वाटेल तेथे करू नये. जेथे पुढील शस्त्रक्रिया व्हावयाची तेथील तज्ज्ञांनीच ते काम करणे हिताचे. चुकीच्या जागी घेतलेला छेद पुढील उपचार बिकट करतो.

राहता राहिले सरकार. पेडण्याच्या किंवा काणकोणच्या मुलाला बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय गाठण्यातच एक दिवस मोडतो. ज्याच्या पायांतील शक्ती ओसरू लागली आहे, त्याला एमआरआयसाठी पुढची तारीख नव्हे, त्याच दिवशीची जागा मिळाली पाहिजे. शाळांतील आरोग्य तपासणीत मुलाला पुढे वाकवून पाठ पाहण्यास क्षणभर पुरतो. त्यासाठी यंत्र लागत नाही. रोग दुर्मिळ आहे हे खरे. पण ज्या घरात तो शिरतो त्या घराला या दुर्मिळतेचे सांत्वन काय कामाचे?