प्रश्न उद्भवत नाही!

१२ डिसेंबर २०२४ रोजी लोकसभेत प्रश्नोत्तराच्या तासाला केंद्रीय रस्ते वाहतूकमंत्री श्री. नितीन गडकरी यांनी एक कबुली दिली. आंतरराष्ट्रीय परिषदांत रस्त्यांवरील अपघातांचा विषय निघाला की आपल्याला तोंड लपवावेसे वाटते, असे ते म्हणाले. खाते हाती घेतले तेव्हा अपघात निम्म्यावर आणण्याचा निर्धार आपण केला होता. ते कमी होणे दूरच, उलट वाढले, हेही त्यांनी सांगितले. आणि देशात वर्षाकाठी १ लाख ७८ हजार माणसे रस्त्यावर प्राणास मुकतात, हा आकडा सभागृहापुढे ठेवला. मंत्र्याच्या मुखातून इतके सरळ उत्तर क्वचितच ऐकू येते. या स्पष्टोक्तीबद्दल त्यांचे अभिनंदन करावे की आकड्याबद्दल शोक करावा, हे ज्याचे त्याने ठरवावे. आमचे लक्ष वेधले ते दुसऱ्याच गोष्टीने. ही कबुली मोर्च्यामुळे मिळाली नाही की वृत्तपत्रांच्या टीकेमुळे मिळाली नाही. सभासदांनी आपल्या जागी उभे राहून प्रश्न विचारले, म्हणून ती मिळाली.

आमच्या राज्याच्या विधिमंडळातही रस्ते, पूल आणि अपघात यांविषयी प्रत्येक अधिवेशनात प्रश्न येतात. त्यांचा साचा ठरलेला आहे. अमुक रस्त्यावर अमुक दिवशी अपघात झाला, हे खरे आहे काय. असल्यास शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत? उत्तराचाही साचा तितकाच ठरलेला. पहिल्याला ‘होय’ किंवा ‘अंशतः खरे आहे’. दुसऱ्याला ‘तपास सुरू आहे’. तिसऱ्याला ‘प्रश्न उद्भवत नाही’. या लेखकाने आयुष्याची काही वर्षे खडू-फळ्याच्या सहवासात काढली आहेत. जे विचारले त्याला वळसा घालून सुवाच्य अक्षरात पान भरून ठेवणारा विद्यार्थी त्याला चांगला परिचित आहे. परंतु ‘हा प्रश्न उद्भवत नाही’ असे लिहून उत्तीर्ण होणारा विद्यार्थी मंत्रालयाबाहेर त्याच्या पाहण्यात नाही.

दोष एकट्या मंत्र्यांचा नव्हे. प्रश्नच तुकड्यातुकड्यांनी विचारला जातो. खड्डा सार्वजनिक बांधकाम विभागाचा, महामार्ग केंद्राचा, परवाना परिवहन विभागाचा, पंचनामा पोलिसांचा आणि उसाची गाडी साखर कारखान्याची! मेलेला मनुष्य मात्र एकच असतो आणि तो त्या वेळी त्या वाहनात का बसला होता, हे सांगण्याचे काम यांपैकी कोणत्याच खात्याकडे नाही. आमच्या मते, रस्ता सुरक्षेचा विचार ज्या प्रश्नापासून सुरू व्हावयास हवा, तो नेमका हाच आहे.

जत तालुक्याकडे पाहावे. सांगली जिल्ह्यातील क्षेत्रफळाने हा सर्वांत मोठा तालुका. अवर्षण त्याच्या पाचवीला पुजलेले आणि पूर्वेस व दक्षिणेस कर्नाटकाची हद्द. मिरज-पंढरपूर लोहमार्गावर ‘जत रोड’ नावाचे स्टेशन आहे खरे. पण स्टेशनाच्या नावापुढे ‘रोड’ हा शब्द लागला की गाव तेथे नाही असे समजावे, हा रेल्वेचा जुना संकेत प्रवाशांना ठाऊकच आहे. तेव्हा जतकरांचे सारे जीवित रस्त्यावर अवलंबून. जत संस्थान १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झाले, आणि त्याच वर्षी १ जून रोजी पुण्याहून नगरला पहिली एसटी धावली. ‘रस्ता तेथे एसटी’ हे वचन पुढे घराघरांत पोचले. जतला आज एसटीचे आगार आहे, गुहागर-विजापूर राष्ट्रीय महामार्गही जतवरून जातो. तरीही उमदी, संख या बाजूच्या खेड्यांतील मनुष्याला दवाखान्याला, कोर्टाला किंवा बाजाराला जावयाचे झाल्यास पुष्कळदा आपल्याकडे ज्याला ‘वडाप’ म्हणतात त्या जीपगाडीच्या पायरीवर एक पाय ठेवूनच जावे लागते. २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकाचे तत्कालीन मुख्यमंत्री श्री. बसवराज बोम्मई यांनी या तालुक्यातील ४० गावांवर हक्क सांगितला, तेव्हा कोठे मुंबईला या गावांची नावे कळली. नावे कळली, गाड्यांचे वेळापत्रक कोणी विचारले नाही.

आता तीन घटना लक्षात घ्याव्यात. तिन्ही याच परिसरातील आहेत आणि तिन्ही अवघ्या सहा महिन्यांच्या आत घडल्या. २०१७ च्या ऑक्टोबरात तासगाव तालुक्यात मणेराजुरीजवळ फरशी वाहून नेणारा ट्रक उलटला आणि मालावर बसून निघालेले मजूर त्याच फरशीखाली चिरडून मेले. ऐन दिवाळीत एसटीचा संप होऊन राज्यभर गाड्या बंद राहिल्या, तो हाच आठवडा. २०१८ च्या जानेवारीत औंधच्या कुस्ती मैदानाहून रात्री परतणाऱ्या कुंडलच्या पैलवानांची जीप आणि ऊस वाहणारा ट्रॅक्टर यांची कडेगाव तालुक्यात वांगीजवळ धडक झाली. पाच तरुण पैलवान आणि गाडीचा चालक जागीच गेले. त्यानंतर तीनच महिन्यांनी, १० एप्रिल रोजी, खंबाटकीच्या बोगद्यापुढील इंग्रजी एस अक्षरासारख्या वळणावर मजुरांनी भरलेला टेम्पो उलटला आणि १८ माणसे मृत्युमुखी पडली. ती विजापूर जिल्ह्यातील, म्हणजे जतच्या शेजारचीच, शिरवळकडे कामासाठी निघालेली होती.

खंबाटकीच्या त्या वळणाची चर्चा पुष्कळ झाली आणि ते टाळण्यासाठी नव्या बोगद्यांचे काम शासनाने हाती घेतले, हे योग्यच झाले. पण वळण सरळ झाल्याने टेम्पोत भरलेल्या माणसांचा प्रश्न सुटतो काय? मालवाहू गाडीतून माणसे नेणे कायद्याने निषिद्ध आहे, हे त्या मजुरांना कोणी सांगितले असते तर त्यांनी उलट विचारले असते, ‘साहेब, मग जायचे कशाने?’ यावर साहेबांकडे उत्तर नाही. दरवर्षी दिवाळी सरली की जत भागातील ऊसतोड कामगारांची कुटुंबे भांडीकुंडी, शेळ्या आणि तान्ही मुले घेऊन ट्रक-ट्रॅक्टरमधून कारखान्यांच्या वाटेला लागतात. हे दृश्य इतके परिचित झाले आहे की, त्यात काही बेकायदा आहे याची जाणीवही पाहणाऱ्याला उरलेली नाही.

येथे एक वैयक्तिक गोष्ट सांगणे भाग आहे. आम्ही शिकवीत होतो त्या काळी सकाळची एसटी आली नाही की पहिल्या तासाला बाकांची एक रांग रिकामी असे. ती मुले मागाहून दुधाच्या टेम्पोत, कॅनांच्या मध्ये उभी राहून येत. उशिरा आल्याबद्दल आम्ही त्यांना वर्गाबाहेर उभे करीत असू. टेम्पोतून आल्याबद्दल एक शब्दही आम्ही कधी काढला नाही. आज तो प्रसंग आठवला की, उत्तरे टाळणाऱ्या खात्यांवर टीका करताना हात थोडा आखडतो.

एसटीची स्थिती लपलेली नाही. कोविडच्या साथीपूर्वी गाड्यांचा ताफा अठरा हजारांच्या पुढे होता, तो नंतर पंधरा-सोळा हजारांवर आला. २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला कर्मचाऱ्यांचा संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला, आणि त्या काळात वडापच्या आधाराला गेलेले कित्येक प्रवासी परतलेच नाहीत. परिवहनमंत्री श्री. प्रताप सरनाईक यांनी जून २०२५ मध्ये काढलेल्या श्वेतपत्रिकेत महामंडळाचा संचित तोटा १० हजार कोटी रुपयांवर गेल्याचे नमूद आहे. तोट्याच्या फेऱ्या चालवाव्यात कशा, असा प्रश्न अधिकारी विचारतील. परंतु ज्या राज्याने ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर ५५ हजार कोटींहून अधिक रुपये खर्च केले, त्याने जतच्या मुक्कामी गाडीपुरती गरिबी आठवावी, हे विचित्र दिसते. स्त्रियांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्या वृद्धांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास विनामूल्य आहे. या सवलतींचे आम्ही स्वागतच केले आहे. ज्या गावात गाडीच येत नाही, तेथील आजीबाईंनी मात्र ही सवलत कशावर वापरावी?

इच्छा असली की काय होते, हेही या राज्याने पाहिले आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल कोसळला आणि एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्या पुलाची तपासणी झाली होती! सभागृहात प्रश्नांचा भडिमार झाला आणि वर्ष पुरे होण्याच्या आत, जून २०१७ मध्ये, नवा पूल वाहतुकीस खुलाही झाला. एका रात्रीत अनेक माणसे गेली की शासन धावते. एकेक करून गेली, तर ती केवळ वार्षिक तक्त्यात जातात. २०२३ साली महाराष्ट्राच्या त्या तक्त्यात १५ हजारांहून अधिक नावे होती. स्वीडनच्या संसदेने १९९७ साली ठरविले की, रस्त्यावरील मृत्यूचा जाब केवळ वाहन चालविणाऱ्याला नव्हे, तर वाहतुकीची व्यवस्था आखणाऱ्यालाही विचारावयाचा. आपल्याकडे अजून ‘चालकाचा ताबा सुटला’ या तीन शब्दांवर प्रकरण मिटते.

जतचे प्रतिनिधी श्री. गोपीचंद पडळकर हे नोव्हेंबर २०२४ मध्ये येथून निवडून आले. २०२१ च्या संपात ते आझाद मैदानावर एसटी कर्मचाऱ्यांच्या अग्रभागी होते. तेव्हा महामंडळाचे अंतरंग त्यांना अपरिचित नाही. त्यांच्या किंवा त्यांच्या पूर्वसूरींच्या राजकारणाशी आम्हाला येथे कर्तव्य नाही. सत्तारूढ पक्षाच्या सभासदाने आपल्याच मंत्र्याला अडचणीत आणणारा प्रश्न विचारू नये, असा एक समज रूढ झाला आहे. तो विधिमंडळाच्या कोणत्याही नियमात लिहिलेला नाही. त्यांनी एकच तारांकित प्रश्न द्यावा, आणि तो सर्व खात्यांना मिळून एकच असावा. जत आगाराच्या गेल्या वर्षी किती फेऱ्या रद्द झाल्या. तालुक्यातील कोणत्या गावांत दिवसातून एकदाही एसटी जात नाही. रात्री आठनंतर जत स्थानकातून उमदी व संखच्या दिशेने गाडी आहे काय. मालवाहू वाहनातून किंवा वडापमधून जाताना तालुक्यातील किती माणसे मेली, आणि त्यांपैकी किती जणांच्या गावाला त्या वेळी एसटी उपलब्ध होती. ऊस वाहणाऱ्या किती ट्रॉल्या मागील बाजूस रिफ्लेक्टर नसताना पकडल्या गेल्या, व पुढे त्यांचे काय झाले. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

या प्रश्नाचे जे छापील उत्तर येईल, ते आम्ही याच पानावर, याच जागी, एकही शब्द न गाळता प्रसिद्ध करू.